शाल्मलीची राणी

"पेटीत हात घालायचा नाही हं, चिमटा वापर!" शाल्मली सगळ्यांना बजावते. माझी जिवलग मैत्रीण. पण राणी नावाची ती वीतभर विषारी गोम पाळल्यापासून तिला मी दिसतच नाही. परवा माझा केक कापायच्या आधीच पळाली. का, तर राणीला झुरळ भरवायचं होतं!

आज ती पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि मी काचेच्या पेटीचं झाकण उचललं. मातीवर राणी निपचित पडली होती. मेली वाटतं! खरं सांगते, मला आनंदच झाला. तिला सरळ बोटांनी उचललं, तर हलकी, पोकळ. राणीने टाकलेली ती नुसती कात होती. खरी राणी पेटीतल्या करवंटीखालून सळसळत आली आणि माझ्या अंगठ्याला चावली.

मी किंचाळले. शाल्मलीने धावत येऊन झाकण लावलं, माझा हात घट्ट धरला आणि दवाखान्यापर्यंत सोडलाच नाही. अंगठा पेटला होता, पण मी मनात नाचत होते.

"काय चावलं?" डॉक्टरकाकांनी विचारलं.

"माझी राणी," शाल्मली हुंदका देत म्हणाली, "काका, तिच्या दातांना लागलं नसेल ना?"

सुई टोचलीही नव्हती, तरी मी भोकाड पसरलं.