मारुतीची नळी

जरा पुढे सरकून बसा मायबाप, एका रिकाम्या नळीची गोष्ट सांगतो.

मुतखड्याच्या ऑपरेशनात काढलेल्या किडनीच्या तुकड्यात संशोधक शाल्मलीला जंतूंच्या खुणा सापडल्या. तिचे सर हसले, “किडनीत कुठले गं जंतू? तुझ्याच हातांचे असतील, नाहीतर रसायनांतले.”

तिने तपासणी पुन्हा मांडली. या वेळी शेजारी आणखी एक नळी ठेवली. तीच रसायनं, तेच हात, फक्त तुकडा नाही. नळीवर लिहिलं, ‘मारुती’.

“हे काय?” सरांनी विचारलं.

“रामकथा ऐकायला मारुती येतो म्हणून कीर्तनात त्याच्यासाठी रिकामा पाट मांडतात ना सर, तसं. हिच्यातही खुणा निघाल्या, तर जंतू हातांचे नाहीतर रसायनांतलेच, आणि माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात.”

निकाल आला. तुकड्यात जंतूंच्या खुणा तशाच होत्या. मारुतीची नळी स्वच्छ. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “मारुतीराय साक्षीला उभे राहिले गं! चल, आता या जंतूंचं खड्याशी काय नातं आहे, ते शोधू.”

तुकडा गोदाक्कांचा होता. संमतीच्या कागदावर अंगठा उठवताना त्या म्हणाल्या होत्या, “खड्यानं मला लई रडवलं, माझ्या नातीला तरी नको.” उद्या खडा होऊ नये म्हणून तांब्याभर पाणी प्याल, तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.