वासाचं नाव काढायचं नाही

"घातल्याचंसुद्धा विसराल, म्हणाली होती ती नर्सबाई," क्रेनवाला मनगट खाजवत म्हणाला. "विसरतोय कसला. मेलेली पाल बांधून हिंडतोय असं वाटतं."

त्याने फिटनेस बँड सोडून स्वयंपाकाच्या ओट्यावर टाकला. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. रबराच्या आतल्या अंगाला राखाडी, बुळबुळीत थर धरला होता. त्याने तो नखाने खरवडला, नखाकडे बघितलं आणि विजारीला पुसलं.

"तुम्हाला नुसतं वाटतंय," बायको नाक चिमटीत धरून म्हणाली. "मला वासही येतोय. कुजलेल्या मोज्याचा. आणि तो तिथे ठेवू नका, मी कणीक मळतेय."

क्रेनवाल्याला कसलाच वास येत नसे. तीस वर्षं कारखान्यातल्या ॲसिडच्या वाफा हुंगून त्याचं नाक कामातून गेलं होतं. आता ते फक्त चष्मा टेकवायला उरलं होतं. बायकोचं नाक मात्र असं, की वरच्या मजल्यावर दूध करपायच्या बेतात असलं तरी हिला खाली कळावं.

"आठवडाभर ऐकून घेतलं," तो म्हणाला. "यापुढे या घरात वासाचं नाव काढायचं नाही."

"बरं. नाही काढत."

आणि खरंच, ती गप्प झाली.

कारखान्याने पंचावन्न ओलांडलेल्या सगळ्यांना महिनाभर हा बँड घालायला लावला होता. जोडीला बायकोसाठीही एक फुकट. दोन्ही काळे, दोन्ही हुबेहूब सारखे. हृदयाचे ठोके परस्पर कारखान्याच्या दवाखान्यात पोचत. ठोके सरळ असले तर क्रेनवर राहायचं, नसले तर गोदामात बसून हातमोजे वाटायचे. सव्वीस वर्षं तो बेचाळीस पायऱ्या चढून त्या काचेच्या खोलीत बसत आला होता. तिथून साहेबांची टकलं शर्टाच्या बटणांएवढी दिसत. ते सुख सोडून हातमोजे कोण वाटणार?

पण पहिल्याच आठवड्यात नर्सबाईने मान हलवली होती. "ठोके जास्त दिसताहेत हो. महिनाअखेरपर्यंत बघू."

रविवारी सकाळी दोन्ही बँड खिडकीपाशी चार्जिंगला लावलेले होते. उजवीकडे त्याचा, डावीकडे तिचा. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती. क्रेनवाल्याने आपला बँड फडक्याने लख्ख पुसला, दोघांच्या जागा बदलल्या आणि शीळ घालत आंघोळीला गेला. उरलेला महिना तिचे ठोके त्याच्या नावावर जाणार होते. एकदा क्रेनवर राहायच्या कागदावर सही झाली, की बाहेरच्या डॉक्टरला गुपचूप काळीज दाखवून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा डावीकडचा बँड तिच्या हातात गेला होता. उजवीकडचा त्याने उचलला. बायकोचं मनगट बारीक, ती दुसऱ्या छिद्राशी बांधायची. याला पाचवं लागायचं. बक्कल पाचव्या छिद्रात अलगद बसलं, जणू त्याच्याच मापाचं.

त्याचा तिटकारा काही कमी झाला नाही. दुपारपर्यंत मनगटाखाली परत तोच ओला चिकटा. आता तर दुसऱ्याचा घाम अंगाला फासल्यासारखं त्याला शिसारी येई. पण आपल्याच बायकोचा घाम, म्हणून त्याने तो गोड मानून घेतला.

आठ दिवसांत त्याच्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला. 'तुमच्या पत्नीचे ठोके अनियमित आहेत. दाखवायला आणा.'

क्रेनवाला क्रेनवर एकटाच हसला. काळीज माझं आणि बोलावणं तिला. त्याने निरोप पुसून टाकला.

बायको हल्ली दोन उशा घेऊन झोपायची. "एका उशीवर गुदमरायला होतं," म्हणाली.

"खिडकी उघडी टाक," तो म्हणाला.

दुसरा निरोप आला, तोही पुसला. तिसऱ्यात 'आजच आणा' असं होतं. तो वाचून त्याला स्वतःच्याच छातीत कळ आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी बेचाळीस पायऱ्या तो दर दहा पायऱ्यांना थांबत चढला.

"म्हातारा झालास की रे," खालून फिटर ओरडला.

"तू आधी तुझं पोट सांभाळ."

शेवटी सहीचा दिवस उजाडला. नर्सबाईने कागदावर शिक्का मारला.

"उत्तम ठोके आहेत तुमचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचेच वाढलेले दिसतात, सवय नसते ना. पण तुमच्या बाई कुठे आहेत? तीन निरोप धाडले."

"उद्या आणतो की," तो म्हणाला. दाराबाहेर पडताच त्याने बँड ओरबाडून काढला आणि खिशात कोंबला.

घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, बायको पायरीवर बसलेली दिसली. भाजीची पिशवी पायाशी, ओठ निळसर. आठवड्यात तिसऱ्यांदा ती अशी मधेच बसली होती.

"झाली सही," तो शेजारी टेकत म्हणाला. "फेकून दे आता ते लचांड."

तिने हसत बँड सोडला. दुसऱ्या छिद्राशी रबराला भेग पडली होती.

"महिना संपला... मग आता एक बोलू?" ती धापा टाकत म्हणाली. "रागवायचं नाही."

"बोल."

"तो रविवार आठवतो? चार्जिंगला लावताना बँडची अदलाबदल झाली होती. माझा म्हणून उचलला नि तोच कुजलेला मोजा..." ती श्वासासाठी थांबली. "वासाचं नाव काढायचं नाही म्हणालात, म्हणून गप्प बसले. तुम्ही आंघोळीहून यायच्या आत माझा मी घातला आणि तुमचा तुम्हाला परत ठेवून दिला."