घरचं ताक

एकेकाळी कोऱ्हाळ्याच्या जत्रेत शेवटची मोठी कुस्ती मल्हारचीच असायची. पुढं दारूनं त्याला असं लोळवलं, की घरातली भांडीसुद्धा विकली गेली. अठ्ठ्याण्णव साली दारू कायमची सुटली. तालमीची माती मळायच्या दिवशी प्रत्येक पैलवानानं मातीत घालायला घरचं ताक न्यायचं, ही रीत. मल्हारनंही नेलं, पण दारूच्या जुन्या कॅनमधून. दुसरं भांडं घरात होतंच कुठं? तालमीच्या दारातच वस्तादांनी कॅन हिसकावला. “तालमीत दारू आणतूस व्हय रं?” “ताक हाय, वस्ताद. वास तरी घ्या.” वास न घेताच वस्तादांनी कॅन पालथा केला. पांढरं ताक धुळीत पसरलं. “आज ताक हाय, उद्याचं कुणी सांगावं?” म्हणत त्यांनी आतून कडी लावली. मल्हारनं ती ओली धूळ कपाळाला लावली आणि बंद दारासमोरच शड्डू ठोकला. पलीकडून कुणाचाच शड्डू आला नाही.