माणशी एक दिवा

भरदुपारी ठकूबाई कोकऱ्यांच्या घरात तीन दिवे जळत होते. घरात त्या एकट्याच होत्या, नवरा मेंढरांमागे रानात गेलेला. दिव्यांच्या तपासणीला आलेली नयन खरात चक्रावली. दारावरची पेटी घरच्यांचा आवाज ओळखते. कोणी 'येतो' म्हटलं की त्याचा दिवा लावते, 'जातो' म्हटलं की बंद करते. ती चुकेल कशी?

"मावशी, एक तुमचा, एक काकांचा. तिसरा दिवा कुणाचा?"

"माझ्या म्हाकूचा. सहा वर्सं झाली कड्यावरनं पडून. जन्मभर रॉकेलची चिमणी, आन् दिवे आले त्याच साली पोरगं गेलं. दिवा काढाया कुणी आलंच न्हाई."

"काढायला नाही येत कोणी, मावशी. तो आपोआप बंद व्हायला हवा." नयनने पेटीतली त्या दिव्याची शेवटची नोंद लावली.

तरणा आवाज घुमला, "आये, येतो गं!"

ठकूबाईंच्या हातातलं सूप पडलं, नाचणी ओटीभर सांडली.

आता नयनच्या लक्षात आलं. निघताना आपल्यात कोणी 'जातो' म्हणत नाही, हे पेटीला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"त्याचं नाव घेऊन 'गेला' म्हणा फक्त," ती कशीबशी म्हणाली. "नोंद मिटेल."

ठकूबाई दिव्याकडे बघतच राहिल्या. तो शब्द काही तोंडून उमटेना.

"सहा वर्सं पोरगं घरात व्हतं," त्या पुटपुटल्या, "आन् म्या एकदाबी त्याचं ताट वाढलं न्हाई!"