बसऱ्याचे घोडे

“बसऱ्याचे चाळीस घोडे मी ह्याच धक्क्यावर उतरवले, साहेब! झोळीत घोडा लटकायचा आणि मी आरोळी ठोकायचो, ‘आरियाऽऽ!’ म्हणजे खाली सोड!”

“थापा पुरे, तांडेल! उद्यापासून बंदरात पाऊल टाकायचं नाही,” नवे साहेब खेकसले.

पण माझी आरोळी क्रेनवर पोचली होती. वर आमच्या खारवीवाड्यातला यशा. क्रेनवाले आजही हेच शब्द पाळतात. लटकलेला वीस टनांचा कंटेनर खाली येऊ लागला, थेट साहेबांच्या रिकाम्या, कोऱ्या जीपवर!

“थांब! स्टॉप!” साहेबांचा आवाज वाऱ्यातच विरला, आणि वॉकीटॉकी राहिला जीपमध्ये. माझा गळा मात्र शिडाच्या गलबतांवर तयार झालेला; खाडीपलीकडच्या म्हशीसुद्धा वळून बघतात.

“तांडेल, तुम्ही ओरडा हो!”

“ओरडतो की. आधी सांगा, घोडे उतरले होते की नाही?”

कंटेनर जीपच्या टपापासून हातभर उरला.

“उतरले! चाळीस काय, चारशे उतरले!”

“हापीऽऽस!” मी गर्जलो, आणि कंटेनर वर गेला.

चारशे जरा जास्तच झाले, हे मलाही कळतं. पण साहेबांचा शब्द मोडायचा कसा? तेव्हापासून रोज धक्क्यावर येतो आणि चारशेच सांगतो.