परदेशी मेंढी

मेंढी धक्क्यावरच व्यायली. जहाजाला लावलेल्या लाकडी उतारावरून कळप वर चढत होता. ही मध्येच बाजूला झाली आणि पेंढ्यांच्या थप्पीआड जाऊन बसली. बऱ्याच वेळानं उठली ती कोकराला चाटतच.

पशुवैद्य बाईंचा जीव जळला. गाभण जनावर जहाजावर चढवायचं नाही हे शेंबडं पोरही सांगेल. सकाळी त्यांनी हीच मेंढी बाजूला काढायला लावली होती. व्यापाऱ्याचा एजंट तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाला होता की ते पोट नव्हे, चाऱ्याची चंगळ आहे. आणि बाईंची पाठ वळताच त्यानं तिला परत कळपात ढकलली होती. आता ती चंगळ चार लटपटत्या पायांवर उभी राहून आईला ढुशा देत होती.

बाईंनी मेंढीच्या पाठीवर लाल पट्टा ओढला. नापास. जहाजाचा तळ म्हणजे लोखंडी भट्टी. त्या गर्दीत ओली बाळंतीण पहिल्याच दिवशी तुडवली गेली असती. एका जीवाची तरी सुटका झाली असं मनाशी म्हणत त्यांनी मायलेकरांना बंदराच्या फाटकाकडे हाकललं.

फाटकावर कस्टमचे साहेब होते. हे साहेब म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर. घरी वहिनींच्या हातचं खाऊन बोटं चाटणारे, इथं मात्र कडक इस्त्रीचे. त्यांनी मेंढीकडे पाहिलं, लाल पट्ट्याकडे पाहिलं आणि गजांचं फाटक लावून घेतलं. नवा नियम आलाय, ते म्हणाले. या फाटकातून आत आलेलं जनावर देशाबाहेर गेलं असं धरायचं. परत बाहेर न्यायचं तर ती आयात. आयातीला परवाना हवा, जनावर वेगळं ठेवायला जागा हवी, आणि धक्क्यावर तर साधी सावली नाही. तेव्हा नापास जनावर इथंच संपवायचं, तेही सरकारी पशुवैद्यानं स्वतःच्या हातानं.

बाईंना आधी वाटलं, भाऊजी थट्टा करताहेत.

"अहो, ही सकाळी याच फाटकातून आत आली. खुरांना गावची माती आहे अजून."

"सकाळी आपली होती, वहिनी. आता परदेशी आहे."

त्यांनी आवाज खाली आणून पुढचंही सांगितलं. नियम बाईंच्याच तक्रारीवरून निघाला होता. नापास झालेली आजारी जनावरं बाहेर नेऊन गुपचूप बाजारात विकतात, असं त्यांनीच तावातावानं वर कळवलं होतं. फाटकाबाहेर एक गोठा द्या, औषधपाण्याची सोय करा, असंही त्याच तक्रारीत होतं. वरच्यांनी गोठ्याचं तेवढं वगळलं. मागितला गोठा, मिळालं कुलूप. बाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. कुणाच्या नावानं बोटं मोडावीत तेही कळेना.

एवढ्यात एजंट आला. त्याच्याकडे तोडगा तयारच होता. पट्टा पुसून टाका, चढवू वर, पुढचं पुढं. कशाला स्वतःच्या हातानं पाप करता, असंही वर तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो निमूट मागं सरकला. पण त्यांच्या सहीवाचून जहाज हलणार नव्हतं, त्यामुळे फार लांबही गेला नाही.

कोकराचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. ते फाटकाच्या आत जन्मलेलं, त्याची निर्यात कुणी केलेलीच नव्हती. त्याला कुठलाच नियम लागू होईना. साहेबांनी स्वतः ते कडेवर घेतलं, बाहेर नेऊन सोडलं आणि फाटक पुन्हा लावलं. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर ओला डाग पडला होता. तो त्यांनी पुसला नाही.

बाईंनी बॅग उघडून सुई भरली. आयुष्यभर जनावरं जगवण्याचं शिक्षण घेतलं, आणि आज धडधाकट बाळंतिणीला मारायचं, का तर ती तीन पावलं चुकीच्या बाजूला उभी आहे म्हणून.

मेंढी फाटकाला धडका देत होती. बाहेरून कोकरू केविलवाणं ओरडत होतं. धडका देऊन दमली तेव्हा ती आडवी वळली आणि अंग गजांना दाबून उभी राहिली. कोकरानं गजांमधून तोंड आत घातलं, इकडेतिकडे चाचपलं आणि शेवटी सड तोंडात धरला. त्याची शेपटी हलू लागली.

बाईंनी सुईला टोपण लावलं. जवळची बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. जहाजाचा भोंगा झाला. एजंट लांबूनच घड्याळ दाखवू लागला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दूध परदेशातून देशात चाललंय. ही आयात धरायची का?"

साहेबांनी त्या हलणाऱ्या शेपटीकडे पाहिलं. मग इकडेतिकडे बघून वहिनींच्या कानाशी वाकले.

"दुधाचा नियम अजून निघालेला नाही. मोठ्यानं बोलू नका, वहिनी. उद्या काढतील."