बोट आवरत नाही

औरंगपुऱ्यातल्या एका कचेरीतले काकडे साहेब कंत्राटी बायकांच्या मोबाइलवर घाणेरडे व्हिडिओ धाडायचे. त्यातल्या दैवशालानं कंत्राट तुटायची भीती गिळून तक्रार केली. चौकशीला साहेब मानसशास्त्राचे शोधनिबंध काखेत मारूनच आले.

"हा आजार आहे, मॅडम," चौकशीला बसलेल्या कचेरीच्या मोठ्या मॅडमना ते काकुळतीनं म्हणाले. "संशोधन सांगतं, झटका आला की समोर कोण आहे याचं भान राहत नाही. बोट आवरतच नाही."

मॅडम विरघळल्या. "आजारी माणसाला आता काय शिक्षा द्यायची?" त्यांनी दैवशालाला विचारलं.

 

"आजार लई हुशार हाय, मॅडम," ती म्हणाली. "साहेब सहा वर्षं तुमच्या हाताखाली हायेत, पण तुमच्या नंबरवर चुकूनबी एक व्हिडिओ आला नाय."